रोपं सातव्या दिवशी माना टाकतात? बियाण्याला शिव्या देण्याआधी उकरून पाहा

दरवर्षी माझं हेच रडगाणं. मे संपत आला की ट्रे भरायचे, भरताच्या वांग्याचं, मिरचीचं, झेंडूचं बी टाकायचं, आठ-दहा दिवस पाण्याचा शिपका मारत धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, वर-खाली करायचं, आणि मग एक तर काही उगवायचंच नाही, नाहीतर उगवलेलं सगळं एका रात्रीत आडवं. सलग तीन वर्षं मी दुकानदाराला बोल लावला. चौथ्या वर्षी दुकान बदललं, पाकीट महागाचं आणलं, निकाल तोच.

आमच्या शेजारी जिभाऊ राहतात. धुळ्यात घर असलं तरी जीव शेतात, कांद्याची आणि वांग्याची रोपं आयुष्यभर टाकत आलेले. एका संध्याकाळी माझा रिकामा ट्रे बघून म्हणाले, "पहिले उकरीसन दख, मंग रड." आणि खराट्याची एक काडी मोडून स्वतःच उकरायला बसले.

सात कप्पे उकरले. दोन रिकामे, त्यात बीच नाही. तिघांत बी होतं, पण नखानं दाबल्यावर त्यातून पिठल्यासारखं पांढरं काहीतरी बाहेर आलं. एकात बी जसं टाकलं तसं, कोरडं ठणठणीत. आणि शेवटच्यात चक्क कोंब होता, पण वर मातीची पापडी फोडता न आल्यामुळे खालीच गोल फिरून पिवळा पडलेला. एका ट्रेत चार वेगवेगळे आजार, आणि मी सगळ्यांवर एकच औषध करत होते: आणखी पाणी.

तेव्हापासून मी उकरल्याशिवाय दुसऱ्यांदा बी टाकत नाही. खाली जे लिहिलंय ते त्या काडीच्या जोरावर.

कधी उकरायचं, हा पहिला प्रश्न. घाई केली तर चांगला कोंब मोडतो. ऊबदार हवेत झेंडू चार-सहा दिवसांत वर येतो, टोमॅटो सहा-आठ, वांगं आठ-दहा, मिरची आठ ते चौदा. कारलं आणि दोडकं आठवडा-दीड आठवडा घेतात, धणे आठ ते बारा दिवस. याच्या दीडपट दिवस जाऊ द्यावेत आणि मग ट्रेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले पाच-सात कप्पे उकरावेत. फक्त मधले उकरले तर फसगत होते, कारण कडेचे कप्पे आधी वाळतात आणि आधी तापतात.

बी सापडलं, पण जसंच्या तसं कोरडं

याला बहुतेकदा दोनच कारणं, एक तर ओल पोचली नाही, नाहीतर तापमान जुळलं नाही. ओल न पोचण्यात कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्श्याचा, हात मोठा. वरून ओलं दिसतं, आत कोरडं भुस्सं. एकदा पूर्ण सुकलेलं कोकोपीट पाणी पटकन धरत नाही, पाणी कडेनं वाहून खाली जातं आणि आपल्याला वाटतं ट्रे भिजला. म्हणून बी टाकायच्या आदल्या रात्रीच ते भिजवून ठेवायचं. मुठीत दाबलं की बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत, धार लागता कामा नये. आणि विटेसारखं दाबलेलं कोकोपीट आणलं असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात खार असतो. न धुता वापरलेल्यात माझी मिरची उगवली, पण दोन पानांवरच थांबली आणि पानांच्या कडा करपल्या.

तापमानाचं गणित आपल्याकडे दोन्ही टोकांना चुकतं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा रात्री दहाच्या खाली उतरतो आणि तेव्हा टाकलेली मिरची तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. ती मेलेली नसते, थांबलेली असते. तो ट्रे मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथं कायम कोमट असतं तिथं ठेवते. कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात.

मे महिन्याचं दुखणं उलटं. टोमॅटोला साधारण २० ते ३० अंश मानवतात, वांग्या-मिरचीला २५ ते ३०. पस्तिशीच्या वर टोमॅटोचं बी आखडतं. सॅलडचा लेट्यूस तर तिशीच्या आसपासच हट्टाला पेटतो, म्हणून तो खानदेशात नोव्हेंबरशिवाय टाकूच नये. आणि ही तापमानं मातीची, हवेची नव्हेत. काळा ट्रे स्लॅबवर ठेवला होता तेव्हा दुपारी तीनला मी घरातलं ताप बघायचं थर्मामीटर मातीत खुपसलं. पारा ४२ वर जाऊन टेकला आणि पुढे आकडेच नव्हते. हवा त्याच्यापेक्षा वरचढ होती की माती, ते त्या काचेला सांगता येईना. (थर्मामीटर नंतर घरच्यांपासून लपवून नवं आणलं.)

ट्रे स्लॅबवर टेकवू नका. चार विटांवर फळी, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर ट्रे, वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी. स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत असतो, खालून हवा खेळली की निम्मं काम होतं. नाहीतर सरळ जिन्याखाली, माठाच्या बाजूला ठेवा. उगवेपर्यंत या बियांना उजेड लागतच नाही.

तरीही बी उगवत नसेल तर मग बियाण्यावर संशय घ्या, पण तोसुद्धा तपासून. वीस बिया मोजून ओल्या टिश्यूत किंवा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळायच्या, झाकणाच्या डब्यात ठेवायच्या, रोज एकदा उघडून वारा द्यायचा. वीसपैकी चौदांना मोड आले तर ७० टक्के. सरकारी प्रमाणित बियाण्याची किमान मर्यादा टोमॅटो-वांग्याला ७० टक्के आहे आणि मिरचीला ६०. म्हणजे मिरचीच्या दहांतल्या चार आल्या नाहीत तर तो कोणाचा गुन्हा नव्हे, कप्प्यात दोन-दोन टाका. पाकिटावरची चाचणीची तारीख वाचा, मुदत तिच्यापासून नऊ महिन्यांची असते. कांद्याचं बी तर वर्षभरातच म्हातारं होतं, उरलेलं जपून ठेवण्यात अर्थ नाही. टोमॅटो-वांगी तीन-चार वर्षं दम धरतात. पण तेही पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर ठेवलेलं नाही. आपल्याकडचा एक उन्हाळा माळ्यावर काढलेलं बी म्हणजे भाजलेले धणेच. हवाबंद डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.

बी सापडलं, पण गिळगिळीत

हा माझा खास गुन्हा. पाणी. बियाला ओलीइतकीच हवा लागते आणि चिखलात हवा नसते. त्यात बुरशी आधी पोचते. पिथियम, रायझोक्टोनिया अशी तिची नावं, पण नावं पाठ करून उपयोग नाही, ती मातीत असतातच. आपण त्यांना जेवायला वाढतो तेव्हा त्या येतात.

चुका कुठे होतात? कुंडीच्या तळाची भोकं बुजलेली असतात. बी खोल जातं: बियाच्या जाडीच्या दोन-तीनपट माती वर पुरे, म्हणजे वांग्या-टोमॅटोला बोटाच्या अर्ध्या पेराहून कमी. आणि मिश्रणात शेणखत. आमच्याकडे शेणखत म्हणजे आईचं दूध, त्याला कोणी वाईट म्हणत नाही. पण अर्धकच्चं शेणखत रोपाच्या ट्रेत घातलं की बुरशीची दिवाळी. बी उगवायला खत लागत नाही, शिदोरी त्याच्याजवळ असते. मी तीन वाटे कोकोपीट आणि एक वाटा चाळलेलं, पूर्ण मुरलेलं गांडूळखत घेते. बस्स.

कारलं, दोडकं, गिलकं यांची टरफलं जाड, ती रात्रभर कोमट पाण्यात भिजवावीत. पण दोन-दोन दिवस पाण्यात ठेवून विसरू नका, बी गुदमरतं. गुलाबी-हिरवा रंग लावलेलं बी भिजवायचं नाही. तो रंग म्हणजे बुरशीनाशकाचा थर, भिजवला की पाण्याबरोबर गेला. हात धुवा आणि ते बी पोरांच्या हाती देऊ नका.

कप्पा रिकामा

मुंग्या. झेंडूच्या, राजगिऱ्याच्या बिया त्या रातोरात ओढून नेतात. लाडवाचा डबा आपण पाण्याच्या परातीत ठेवतो ना, तसे फळीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की संपलं. चिमण्यांसाठी जाळी खाली ओढून घ्या.

कोंब आहे, पण वर येईना

आपली काळी कसदार माती पिकाला सोन्यासारखी, पण बियाच्या डोक्यावर दगडासारखी. पाणी मारलं की चिकट, ऊन लागलं की पापडी, आणि पापडीला भेगा पडल्या तर त्या नेमक्या कोंब नसलेल्या जागी. बियावर काळी माती टाकूच नका. वरचा थर कोकोपीटचा किंवा चाळलेल्या खताचा. जमिनीत वाफ्यातच टाकायचं असेल तर बियाच्या ओळीवर वाळू-खत अर्धं-अर्धं पसरा. जिभाऊ रोपवाटिकेला वीतभर तरी उंच गादीवाफा करतात, बोटानं ओळी आखतात आणि ओळ मातीऐवजी खतानं झाकतात. इतकी वर्षं मी ते बघत होते आणि मला वाटायचं ती त्यांची सवय आहे.

आता खरं दुखणं: उगवून आडवं पडणं

बी न उगवण्याचं दुःख एकवेळ परवडलं. पण हिरवीगार दोन पानं काढून उभं राहिलेलं रोप सकाळी मान टाकून पडलेलं दिसतं ना, तेव्हा चहा गोड लागत नाही. इथंही आधी जवळ जाऊन बघा, कारण पडण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट.

पडलेलं रोप चिमटीत धरून डोळ्याजवळ आणा. मातीला लागून देठ तपकिरी, पाणथळ आणि दोऱ्यासारखा बारीक झालाय, पानं मात्र अजून हिरवी आहेत, अलगद ओढलं तर तिथंच तुटतं: ही मर, रोप कोलमडण्याचा रोग. तो एका जागी सुरू होतो आणि गोलाकार पसरतो. आज तीन, उद्या अकरा. हवा दमट, आभाळ भरलेलं, रोपं दाटीवाटीनं, संध्याकाळचं पाणी, असं सगळं जुळलं की हमखास. म्हणून मृगाचा पहिला पाऊस पडला की आपण खूश आणि ट्रे मेलेला.

देठ मातीजवळच आवळलाय, पण तो भाग कोरडा, पांढुरका, वाळलेल्या काडीसारखा, आणि पडलेली रोपं ट्रेच्या पश्चिमेच्या कडेलाच: हा रोग नाही, हे भाजणं आहे. तापलेल्या मातीनं कोवळा देठ पोळला. हे दुपारी होतं, रात्री नव्हे. याच्यावर बुरशीनाशक ओतणारी मी एकटीच नसेन.

आणि देठ स्वच्छ कापलेला, वरचा भाग बाजूला पडलेला किंवा गायबच: ही अळी. रात्री बॅटरी घेऊन जा, ती तिथंच सापडते. उचलायची आणि टाकून द्यायची.

मरीवर सांगायचं तर, पडलेलं रोप उठत नाही. हळद टाकून पाहिली. माती पिवळी झाली, रोपं पडायची थांबली नाहीत. राख टाकली, ती पाण्यानं थिजून आणखी एक पापडी झाली. आता मी काय करते ते सांगते. पडलेली रोपं आणि त्यांच्या भोवतीचे चांगले दिसणारे कप्पेसुद्धा मातीसकट काढून टाकते. ट्रे वाऱ्यात ठेवते, एक दिवस पाणी बंद. फारच पसरलं असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड एका लिटरला अडीच ग्रॅम मिसळून मुळाशी थोडं-थोडं घालते. त्याचा उपयोग उरलेल्यांना वाचवण्यापुरता.

खरा उपाय बी टाकायच्या आधीचा. ट्रायकोडर्माची पूड कृषी केंद्रात मिळते. ती एक चमचा, दोन मुठी ओलसर गांडूळखतात कालवून सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवायची आणि मग मिश्रणात मिसळायची. बियाण्याला लावायची तर किलोला चार-पाच ग्रॅम, म्हणजे घरच्या पाकिटाला चिमूटभरही जास्तच. ही जिवंत बुरशी आहे, तिच्या जोडीला त्याच दिवशी रासायनिक बुरशीनाशक ओतलं तर आपलाच पाहुणा आपण मारला.

आणि जुनी माती वापरायची असेल तर खानदेशाइतकी सोय कुठेच नाही. एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे. माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत वीतभराहून कमी जाडीची भरायची, तोंड घट्ट बांधायचं, धाब्यावर चार ते सहा आठवडे पसरून ठेवायची. पिशवी पारदर्शकच हवी, काळी नको, आणि माती ओलीच हवी, कोरडी नुसती तापून निवते. अक्षय तृतीयेच्या सुमारास, आखाजीला झोके बांधतात तेव्हा, मी पिशव्या पसरते. जूनच्या तोंडी माती तयार. जे ऊन माझी रोपं भाजत होतं तेच आता माझी बुरशी भाजतं, याचं मला अजून हसू येतं.

पाण्याच्या टाकीची गोष्ट

एक वर्ष सगळं नीट केलं होतं. जाळी, विटा, ट्रायकोडर्मा. तरी मिरचीची रोपं दुपारनंतर माना टाकायची, सकाळी थोडी उठायची, चौथ्या दिवशी गेलीच. उकरलं तर मुळं उकडल्यासारखी. शोध लागला तो भांडी घासताना. धाब्यावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चारला इतकं गरम की हात आखडला. आणि शाळेतून आल्यावर चार वाजता मी तेच पाणी झाडांना घालत होते! पाईपमध्ये साचलेलं तर त्याहून गरम. आता रोपांसाठी बादली आदल्या रात्री भरून न्हाणीघरात ठेवते आणि सकाळी सातच्या आत पाणी देते. संध्याकाळी ट्रे उचलून वजन बघते. हलका लागला तर परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे वीस मिनिटं त्यात बसवते, म्हणजे खालून पाणी चढतं, देठ कोरडा राहतो. वरून द्यायचंच तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईनं भोकं पाडा. तांब्यानं धार धरली की बी वाहत कोपऱ्यात जमतं.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे, कुंडीच्या काठाला पांढरे वळ उठतात. ते रोपांना मी देत नाही. नळाचं साठवलेलं वापरते, पाऊस सुरू झाला की पागोळ्यांचं.

लांबुडकी, पांढरट, सुतासारखी रोपं ही तक्रार गॅलरीवाल्यांची असते. कारण उगवल्यावरही ट्रे अंधारातच राहिला. पहिला कोंब दिसला की झाकण काढायचं, शंभर टक्के उगवण्याची वाट बघायची नाही, आणि सकाळचं दहापर्यंतचं ऊन द्यायचं. टोमॅटो लांबला असेल तर दुसऱ्या कप्प्यात पानांपर्यंत खोल लावता येतो, देठाला मुळं फुटतात. वांग्या-मिरचीशी हा खेळ नको.

फुलांबद्दल थोडं. झेंडू हा गरिबाचा मित्र, त्याला काही लागत नाही, फक्त दसऱ्याला फुलं हवीत तर जुलै उजाडल्यावर टाळाटाळ नको. सदाफुलीचं बी झाकून अंधारात ठेवायचं आणि उगवल्यावर पाणी हात राखून द्यायचं, ती मरीनं सगळ्यात आधी जाते. पेटुनिया याच्या उलट, तिचं बी धुळीसारखं, त्याला उजेड हवा, ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही. तिला ऑक्टोबरची तलखी सरेपर्यंत हात लावू नका. आणि कोथिंबीर! धणे लाटण्याखाली हलके रगडून दोन फोडी करून टाका, प्रत्येक फोडीतून एक रोप येतं. पण मे महिन्यात कोथिंबीर घरी उगवायचा हट्ट मी सोडला आहे. बाजारात जुडी कितीही महाग होवो, विकत आणते.

वांग्याचं बी मात्र आता घरचंच. आमच्या भरताची हिरवी वांगी पाकिटातली आणायची तर संकरित निघतात, आणि संकरित फळाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय येईल ते सांगता येत नाही. जिभाऊंनी देशी झाडावरचं एक वांगं खुणेची चिंधी बांधून ठेवायला सांगितलं. ते पिवळं पडून मऊ होईपर्यंत तोडायचं नाही, चंपाषष्ठीला घरचे सगळे त्याच्याकडे बघत असले तरी. मग गर पाण्यात कुस्करायचा, तरंगलेलं बी फेकायचं, बुडालेलं सावलीत वाळवून, कोरड्या राखेत घोळून बाटलीत भरायचं.

यंदा ९८ कप्प्यांचा एक ट्रे त्या बाटलीतल्या बियाचा टाकला. अकराव्या दिवशी मोजलं, ८३ वर आले होते. उरलेल्या १५ तले सहा मी उकरले. चार गिळगिळीत, दोन रिकामे. फळीच्या एका पायाखालची वाटी कोरडी पडली होती.